यादीतला तो खोका: सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

नाना (ए-१०१), सकाळी ७.४०
सर्वांना नमस्कार. बी-२०४ मधील वहिनींना उद्देशून लिहीत आहे आणि सर्वांसमोर लिहीत आहे, कारण त्यांची यादीही सर्वांसमोरच आली होती. परवा रात्रीपासून आमच्या नातवाला जुलाब लागले. मुलगा आणि सूनबाई दोघेही परगावी. गेल्या वर्षी मे महिन्यात वहिनींनी मुलांच्या पेयांचे जे परीक्षण टाकले होते, त्यात ओआरएस, म्हणजे जुलाबावर द्यायचे मीठ-साखरेचे पाणी, असे नाव असलेल्या सफरचंदाच्या चवीच्या खोक्याला पाचपैकी चार गुण दिल्याचे मला आठवत होते. म्हणून गेटसमोरच्या मेडिकलमधून तोच खोका मागून घेतला आणि काल दिवसभर तीन खोके पाजले. जुलाब थांबले नाहीत, उलट वाढले. संध्याकाळी डॉक्टरांनी खोका उलटा करून मागची बाजू वाचली आणि हे जुलाबावर द्यायचे पाणी नव्हेच, असे सांगितले. नातू आता बरा आहे. माझे म्हणणे एवढेच की ज्या गोष्टीचे आपल्याला पुरते कळत नाही, तिला गुण देऊ नयेत.

माई (सी-३०३), ७.५२
नाना, नातू बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. मी सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून नोकरी केली आहे, तेव्हा एक गोष्ट सर्वांनी ध्यानात ठेवावी. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात आणि छोटे पाकीट २०० मिली पाण्यात कालवायचे. पाणी अंदाजाने घ्यायचे नाही आणि कालवलेले पाणी २४ तासांनंतर फेकून द्यायचे.

डी-४०२, ८.०५
नानांच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे. दिवाळीत माझ्या घरगुती नाचणी सत्त्वाला याच यादीत दोन गुण मिळाले होते आणि त्यानंतर माझ्या चार ऑर्डर रद्द झाल्या. तेव्हा मी गप्प बसले. कंपनीच्या खोक्याला चार आणि शेजारणीच्या कष्टाला दोन, हा न्याय मला अजूनही समजलेला नाही.

सचिव, ८.११
सर्व सन्माननीय सभासदांना विनंती आहे की विषयाला धरून लिहावे. नाचणी सत्त्वाचा विषय डिसेंबरमध्ये संपला आहे.

डी-४०२, ८.१३
तुमच्यासाठी संपला असेल, साहेब.

बी-२०४, ९.३०
नाना, मुलीला शाळेत सोडून आत्ताच आले आणि तुमचा निरोप वाचला. आधी तुमची क्षमा मागते. तुम्ही माझ्या शब्दावर विश्वास ठेवलात आणि त्याचा त्रास त्या लेकराला झाला. ते परीक्षण मी आज पुन्हा काढून वाचले. मी लिहिले होते की खेळून आल्यावर मुलगी आवडीने पिते, चव चांगली आहे आणि खोका दप्तरात मावतो. त्यातले एकही वाक्य खोटे नव्हते, परंतु आजारी मुलाला हे द्यावे की नाही, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ओआरएस लिहिलेले असताना तो प्रश्न विचारणे माझे काम होते. मागे बारीक अक्षरांत, जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेले हे ओआरएस नव्हे, अशी सूचना छापलेली होती. मी घटक वाचले आणि ती ओळ वाचली नाही.

आमच्या कपाटात जुना रिकामा खोका सापडला. त्यावर १०० मिलीला ११ ग्रॅम साखर लिहिली आहे, म्हणजे २०० मिलीच्या एका खोक्यात २२ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एक लिटर पाण्याला ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. त्या हिशेबाने २०० मिलीत ग्लुकोज फक्त २.७ ग्रॅम येते. आपण पोराला आठपट गोड पाणी पाजत होतो. इतकी साखर आतड्यात गेली की ती शरीरातलेच पाणी आतड्यात ओढून घेते आणि जुलाब वाढतात. आणि जे मीठ शरीरातून वाहून जात असते, त्याची भरपाई अशा पेयातून पुरेशी होत नाही.

अण्णा (बी-१०२), ९.४८
या तीन अक्षरांवर लोकांचा विश्वास का बसला, हे तरुण मंडळींना माहीत असावे. १९७१ साली पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ आली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचे पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्याच हातांनी रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसवरून चारच्या खाली आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. त्या पाण्याचे नाव फळांच्या चवीच्या साखरपाण्यावर छापले जात होते, याचा मला अतिशय संताप येतो.

ई-५०१, ९.५५
अण्णा, उत्तम माहिती. वहिनी, आता बिस्किटाचा पुडा घ्यायचा तरी तुमच्या दारावरूनच जावे लागणार, असे दिसते.

ए-२०२, १०.०२
मी तर मोठे पाकीट उघडून त्यातले निम्मे एका पेल्यात घालते आणि उरलेले रबर लावून डब्यात ठेवते. हे चालते ना?

माई (सी-३०३), १०.०४
अजिबात चालत नाही, आणि हे वाचून मी खरोखर घाबरले आहे. मोठ्या पाकिटात एकवीस ग्रॅमच्या आसपास पावडर असते. त्यातली निम्मी २०० मिलीच्या एका पेल्यात गेली की पाणी अडीचपट तीव्र होते आणि मुलाच्या रक्तातले मीठ धोकादायक वाढू शकते. पुन्हा लिहिते: मोठे पाकीट एक लिटर पाण्यात, छोटे २०० मिलीत, अंदाज नाही, २४ तासांनी उरलेले फेकून द्यायचे.

डी-४०२, १०.१५
म्हणजे चूक मान्य केली की विषय मिटला. माझ्या सत्त्वाच्या बाबतीत मात्र असे काही झाले नाही.

बी-२०४, १०.२८
ताई, तुमच्या सत्त्वाला दोन गुण मी चवीसाठी दिले नव्हते, चव मला आवडली होती. डब्यावर साखरेचा उल्लेख नव्हता आणि तुम्हीच मला सांगितले होते की किलोला पाव किलो पिठीसाखर पडते. दोन वर्षांखालच्या बाळांच्या आया ते घेत होत्या आणि त्या वयात वरून साखर देऊ नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. हे मी तुमच्याशी आधी खासगीत बोलायला हवे होते आणि तसे केले नाही, हे मात्र माझे चुकले. घटकांची चिठ्ठी लावली असेल तर मी पुन्हा घेईन आणि पुन्हा लिहीन.

डी-४०२, १०.४०
चिठ्ठी जानेवारीपासून लावते. कोणी पाहिलीच नाही.

सी-१०४, १०.५१
माझा वेगळा प्रश्न आहे. सरकारने असे खोके बंद केल्याचे मी वाचले होते. मग मेडिकलवाल्याने नानांना काय दिले?

बी-२०४, ११.१०
अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी आदेश काढून, पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द पुढेमागे काहीही जोडून वापरण्याची आधीची परवानगी मागे घेतली. त्यामागे हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी वर्षानुवर्षे दिलेला लढा आहे. नानांकडच्या खोक्याचा फोटो मी मागवून पाहिला. त्यावर ती तीन अक्षरे नाहीत. दुकानदाराने नवे नाव असलेला खोका दिला, कारण नानांनी जुन्या नावाने मागितला होता आणि ते जुने नाव माझ्या यादीत तसेच राहिले होते. आदेश आला त्याच दिवशी मी यादी दुरुस्त करायला हवी होती, हीच माझी खरी चूक. एकदा लिहून टाकलेले परीक्षण लोक वर्षभराने उघडतात, तेही रात्री, मूल आजारी असताना, हे मी लक्षात घेतले नव्हते.

खजिनदार, ११.१७
रात्री मेडिकल बंद असेल तर काय करावे, हे कोणी सांगेल का?

माई (सी-३०३), ११.२५
एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा शिगोशीग भरायचा नाही, सुरीने वरून सपाट करायचा. पाकीट मिळेपर्यंतची ही सोय आहे. लहान मुलाला पेला तोंडाला लावू नका, चमच्याचमच्याने पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करा. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी होईनाशी झाली किंवा शौचातून रक्त गेले तर घरी थांबू नका. आणि मोठे पाकीट एक लिटर पाण्यात, छोटे २०० मिलीत.

ई-५०१, ११.२९
माई, आता झोपेत विचारले तरी सांगू.

माई (सी-३०३), ११.३०
तेच हवे आहे मला.

बी-२०४, दुपारी १२.४५
जुनी यादी काढून टाकली आहे. नव्या यादीत गुण ठेवलेले नाहीत. प्रत्येक वस्तूपुढे ती कोणत्या कामासाठी वापरून पाहिली आणि कोणत्या कामासाठी पाहिली नाही, असे दोन रकाने केले आहेत. परीक्षणाची तारीखही टाकली आहे. घटकांच्या यादीत जे सर्वांत जास्त असते ते आधी लिहिण्याचा नियम आहे, म्हणून पहिले तीन घटक मी जसेच्या तसे उतरवले आहेत. दुधात घालायच्या पावडरीसमोरचा पौष्टिक हा शब्द मी खोडला आहे, कारण दोन पावडरींत दुसरा घटक साखर होता. कोणाला काही चुकलेले दिसले तर इथेच सांगावे.

नाना (ए-१०१), १२.५८
वाचली. सकाळी मी जरा कडक लिहिले, कारण रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. आमच्या घरी लिटरचे माप नाही, तांब्याने अंदाजच घेत होतो. तुमच्याकडे खुणेची बाटली असेल तर द्या.

बी-२०४, १.०२
आहे, नाना. लिटरच्या आणि २०० मिलीच्या रेघेवर लाल पेनाने खूण करून वर घेऊन येते. छोटी पाकिटेही आणते, त्यांच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचे फोटो आधी माईंना पाठवले आहेत.