साल्मेटेरॉल चालू ठेवून स्टेरॉइडचा इनहेलर बंद केला तर चालते का?

अबोली:
माझी आई ६३ वर्षांची असून तिला बऱ्याच वर्षांपासून दमा आहे. डॉक्टरांनी तिला दोन वेगवेगळे इनहेलर रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायला सांगितले आहेत: एक बुडेसोनाइड या स्टेरॉइडचा आणि दुसरा, बारा तास परिणाम टिकणाऱ्या साल्मेटेरॉलचा. धाप लागली तरच वापरण्यासाठी सालब्युटामॉलचा तिसरा इनहेलर आहे. गेल्या सहा आठवड्यांपासून तिने बुडेसोनाइड परस्पर बंद केले आहे. स्टेरॉइड अंगात साठून राहते अशी भीती तिच्या मनात बसली आहे, शिवाय ते घेतल्यावर काही फरक जाणवत नाही आणि साल्मेटेरॉलने मात्र छाती मोकळी होते, असे तिचे म्हणणे आहे.

ती बरी आहे असे म्हणते, पण माझे मन मानत नाही. तिच्या सालब्युटामॉलच्या इनहेलरच्या मागच्या बाजूला उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा दिसतो. सोमवारी तो ११२ होता आणि रविवारी ९४ झाला, म्हणजे आठवड्यात १८ फवारे गेले. पूर्वी एवढे महिन्यातही लागत नसत. परवा रात्री दम लागल्यावर तिने साल्मेटेरॉलचेच दोन जादा फवारे घेतले, आणि त्यानंतर तिच्या हातातल्या भांड्यावरचे झाकण वाजावे इतका हाताला कंप सुटला होता. डॉक्टरांची पुढची भेट महिन्याने आहे. तोपर्यंत थांबावे का?

औषधवेध:
मी औषधनिर्माणशास्त्र शिकलो आहे आणि रोज रुग्णांना इनहेलर कसे वापरायचे ते समजावून सांगतो. आधी मुख्य उत्तर देतो: थांबू नका, एक-दोन दिवसांत डॉक्टरांशी बोला. दम्यामध्ये साल्मेटेरॉल किंवा त्या गटातले कोणतेही दीर्घकाळ परिणाम करणारे औषध स्टेरॉइडच्या इनहेलरशिवाय घ्यायचे नसते, आणि या नियमाला अपवाद नाही.

दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते आणि त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळले जातात. साल्मेटेरॉल स्नायू सैल करते, त्यामुळे हवा आत-बाहेर सहज जाते आणि माणसाला बरे वाटते. सुजेवर मात्र ते काही करत नाही. सूज उतरवण्याचे काम बुडेसोनाइडचे असते, आणि ते काही दिवसांत, काही आठवड्यांत हळूहळू होत असल्यामुळे फवारा घेतल्याक्षणी काहीच जाणवत नाही. आईंना ज्या औषधाचा गुण जाणवतो ते त्यांनी ठेवले आणि ज्याच्यावर सगळे उभे आहे ते सोडले. आत सूज वाढत राहते, वर आराम वाटत राहतो, आणि मग साध्या सर्दीचे निमित्त होऊन मोठा झटका येतो.

हा धोका केवळ तर्काने मांडलेला नाही. १९९६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत सुमारे २६ हजार दमेकऱ्यांना, त्यांचे नेहमीचे उपचार चालू असताना, २८ आठवडे साल्मेटेरॉल किंवा औषधविरहित फवारा दिला होता. दम्यामुळे झालेले मृत्यू साल्मेटेरॉलच्या गटात १३ आणि दुसऱ्या गटात ३ होते. सुरुवातीला यांपैकी निम्म्याहून कमी जण स्टेरॉइडचा इनहेलर वापरत होते, हे यात फार महत्त्वाचे आहे. पुढे ही दोन्ही औषधे एकाच इनहेलरमध्ये देऊन मोठ्या चाचण्या झाल्या, त्यांत असा वाढीव धोका आढळला नाही, आणि अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर २०१७ मध्ये अशा संयुक्त इनहेलरवरचा चौकटीतला इशारा (औषधाच्या माहितीपत्रकावरचा सर्वांत कडक इशारा) काढून टाकला. म्हणून डॉक्टरांना आवर्जून विचारा की दोन वेगळ्या इनहेलरांऐवजी संयुक्त इनहेलर देता येईल का. एक औषध सोडून दुसरे घेण्याची वाटच मग राहत नाही.

स्टेरॉइडच्या भीतीबद्दल: इनहेलरमधली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ती थेट श्वासनलिकांवर पडते. मोठ्या मात्रा वर्षानुवर्षे घेतल्यास हाडे आणि डोळे यांच्याकडे लक्ष ठेवावे लागते हे खरे आहे, पण झटका आल्यावर पोटातून घ्याव्या लागणाऱ्या गोळ्यांपुढे हे प्रमाण फारच थोडे असते. आई आणखी कोणती औषधे घेतात, तेही कृपया लिहा. डोळ्यांचे थेंबसुद्धा वगळू नका.

जुनापिंपळ:
परवा रात्री तुमच्या आईंनी जे केले तेच मी काही वर्षांपूर्वी केले होते, म्हणून लिहितो. मला स्टेरॉइड आणि साल्मेटेरॉल यांचा संयुक्त इनहेलर मिळाला होता. एका पहाटे घरघर वाढली तेव्हा, हेच औषध जास्त ताकदीचे आहे अशा समजुतीने मी सालब्युटामॉल बाजूला ठेवून त्याचेच चार फवारे घेतले आणि पलंगाच्या कडेला बसून आरामाची वाट पाहत राहिलो. साल्मेटेरॉलचा परिणाम सुरू व्हायलाच दहा-वीस मिनिटे, कधी त्याहून जास्त लागतात, हे मला ठाऊक नव्हते. छातीत धडधड सुरू झाली, धाप मात्र कमी होईना. शेवटी एका दमात दोन शब्दांपुढे बोलता येईना, तेव्हा घरच्यांनी रुग्णालयात नेले.

येथे एक गोंधळ हमखास होतो. फॉर्मोटेरॉल हेही दीर्घकाळ परिणाम करणारे औषध आहे, पण ते काही मिनिटांत काम सुरू करते. म्हणून बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा एकच इनहेलर रोजच्यासाठीही आणि दम लागल्यावरही वापरण्याची पद्धत आहे, आणि त्यातही दिवसभराच्या एकूण फवाऱ्यांची मर्यादा डॉक्टर ठरवून देतात. ओळखीतल्या कुणी तसे वापरताना पाहिले म्हणून साल्मेटेरॉल तसे वापरता येत नाही. मी आता माझ्या इनहेलरमधल्या औषधांची नावे, रोजची मात्रा आणि झटक्याच्या वेळी काय करायचे हे डॉक्टरांकडून लिहून घेतले आहे आणि तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. पहाटे तीन वाजता डोके चालत नाही, कागद वाचता येतो.

सांजवेळ:
मी श्वसनविकारांच्या विभागात परिचारिका आहे. आईंनी बुडेसोनाइड पुन्हा सुरू केले की त्यांची पद्धत एकदा डोळ्यांनी पाहा. फवाऱ्याचा इनहेलर हलवून घ्यायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग सावकाश आत घेता घेता दाबायचा आणि दहा सेकंद श्वास रोखायचा. हाताचा आणि श्वासाचा मेळ बसत नसेल तर स्पेसर, म्हणजे फवारा आधी साठवून ठेवणारी नळी, इनहेलरला लावावा. कोरड्या भुकटीचा इनहेलर असेल तर उलट, श्वास जोरात आणि खोल ओढावा लागतो, आणि त्यात तोंडाने फुंकायचे नाही, कारण वाफेने भुकटी गोळा होते. स्टेरॉइड घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकून टाकावे, म्हणजे तोंडात पांढरे चट्टे येणे आणि आवाज बसणे टळते. किती तरी रुग्ण हे न सांगितल्यामुळे घसा दुखतो म्हणून औषधच सोडून देतात, याचे मला फार वाईट वाटते.

ओठ निळसर पडले, पूर्ण वाक्य बोलता आले नाही, किंवा सालब्युटामॉल घेऊनही आराम टिकला नाही, तर भेटीची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

अबोली:
सर्वांचे मनापासून आभार. आज डॉक्टरांशी फोनवर बोलले. त्यांनी बुडेसोनाइड लगेच सुरू करायला सांगितले आणि परवा बोलावले आहे. @औषधवेध, तुमच्या प्रश्नामुळे मी आईची औषधे पुन्हा पाहिली. काचबिंदूसाठी दोन महिन्यांपूर्वी तिला टिमोलॉलचे थेंब सुरू झाले आहेत. डोळ्यांच्या डॉक्टरांना दम्याबद्दल सांगायचे तिला सुचले नव्हते. डोळ्यात घालायच्या थेंबांचा श्वासाशी संबंध असतो का?

औषधवेध:
असतो, आणि दम्यात तो गंभीर असतो. टिमोलॉल डोळ्यातून नाकात उतरते, तेथून रक्तात जाते, आणि साल्मेटेरॉल व सालब्युटामॉल पेशींवरच्या ज्या ग्राहींवर (औषध जिथे जाऊन चिकटते त्या जागांवर) काम करतात नेमके तेच ग्राही अडवते. त्यामुळे श्वासनलिका आवळू शकतात आणि इनहेलरचा गुणही कमी होतो. दमा असलेल्या व्यक्तीला हे थेंब देऊ नयेत असेच मानले जाते. १८ फवाऱ्यांमागे बुडेसोनाइड बंद होण्याबरोबर हेही एक कारण असू शकेल.

परवापर्यंत थांबू नका. आजच डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करून आईंना दमा आहे हे सांगा आणि पुढचा थेंब घालायचा की नाही ते विचारा. काचबिंदूचा उपचार खंडित होऊन चालत नाही, पण या गटाबाहेरचे दुसरे थेंब मिळतात आणि ते बदलून देता येतात. परवा जाताना तिन्ही इनहेलर, थेंबांची बाटली आणि तुम्ही टिपलेले ते दोन आकडे बरोबर घेऊन जा.