छागळीत शिरताना भुताला काय वाटलं असेल?

रातकिडा :
काल 'पहेली' (२००५) पुन्हा पाहिला, मग विजयदान देथांची मूळ कथा 'दुविधा' काढून वाचली. माहीत नसेल त्यांच्यासाठी : राजस्थानातल्या सावकाराचा पोरगा लग्न होताच पाच वर्षांसाठी व्यापाराला जातो. वाटेत नवरीवर भाळलेलं भूत त्याचं रूप घेऊन घरात येतं. घरच्यांना फसवतं, तिला मात्र पहिल्याच रात्री खरं सांगून टाकतं आणि निर्णय तिच्यावर सोडतं. पुढे खरा नवरा परततो. निवाडा करणारा मेंढपाळ दोघांना निखारे हातात धरायला सांगतो आणि शेवटी म्हणतो, छागळीत (पाण्याच्या कातडी पिशवीत) शिरेल तोच खरा. भूत शिरतं. तोंड आवळलं, खेळ खलास.

ही गोष्ट भुताच्या तोंडूनच यायला हवी होती. सिनेमात निवेदन कोणाकडे, तर दोन कठपुतळ्यांकडे! इतका काळ दुसऱ्याचा चेहरा लावून जगणारा मनात काय बोलत असेल? आणि छागळीचा डाव त्याला कळला नसेल? मला नाही पटत. कळूनच शिरला तो. ते पान मला वाचायचंय.

आळशी मांजर :
ते पान नाही म्हणूनच तू त्यावर एवढा विचार करतोयस. असतं तर वाचून झोपला असतास.

हा प्रयोग झालाय की. 'ट्वायलाइट' कादंबरी आली २००५ मध्येच, मुलीच्या तोंडून. कॉलेजात आम्ही सगळ्या त्या अबोल व्हॅम्पायरवर फिदा. २०२० मध्ये तीच गोष्ट त्याच्या बाजूने आली, 'मिडनाइट सन'. आणि त्याच्या डोक्यात काय निघालं? पहिल्याच भेटीत तिचं रक्त पिण्यासाठी सगळ्या वर्गाला कसं मारावं याचा हिशेब! तो गप्प होता तेच बरं होतं. माझं तर मनच उडालं.

रातकिडा :
उडालं ना? म्हणजे खरं कळलं. गूढ म्हणून आवडणं आणि माणूस कळून आवडणं यात फरक आहे.

जुनी पेठ :
तुम्ही दोघं भलत्यालाच अबोल म्हणताय. भूत कसलं अबोल? रूप घेतं, बापाला रोज पाच मोहरा देऊन गप्प करतं, बायकोला गोड बोलून जिंकतं. (शिवाय शाहरुख. तो गप्प बसेल तर शपथ! बुजऱ्या नायकांच्या भूमिका गाजवलेले पालेकर दिग्दर्शक असूनही.)

अबोल आहे तो नवरा. बापाने जा म्हटलं, गेला. लग्नाच्या रात्री हिशेबाच्या वह्या घेऊन बसला, कारण त्याला दुसरं काही शिकवलंच नव्हतं. परत येतो तर घरात आपलाच चेहरा, बायको बाळंतपणाला टेकलेली. त्याच्या बाजूने लिहा, मग बघू कोण रडतं.

आळशी मांजर :
हे मात्र +१.

तांबडी माती :
असहमत. तिघांशीही.

कथेचं नाव 'दुविधा', ती कोणाची? भुताला खरं सांगावं की नाही एवढाच पेच, तो एका रात्रीत सुटला. नवऱ्याला तर तेवढाही नाही. एक सात फेऱ्यांचा, एक मनाचा, दोघांचा चेहरा एकच, आणि निवाडा करणार रस्त्यावरचा मेंढपाळ. तिला कोणी विचारलंच नाही. देथांच्या कथेत छागळ नदीत जाते आणि तिला त्याच घरात, त्याच माणसाबरोबर राहायचंय. पालेकरांना बहुधा हे सोसवलं नाही, म्हणून भूत नवऱ्याच्या अंगात घालून गोड शेवट केला. मणी कौल यांनी १९७३ मध्ये याच कथेवर 'दुविधा' केला, तो बघ. त्यात ती जेवढी गप्प आहे ना, तेवढं मला भुताचं आत्मचरित्र शंभर पानी असलं तरी नाही सांगणार.

रातकिडा :
'दुविधा' आज रात्री बघतो. पण छागळीवर मी ठाम आहे, कळूनच शिरला तो.

जुनी पेठ :
आणि शिरला नसता तर निखारे हातात धरून कोण बसलं होतं, नवराच ना? त्याचं कोणी विचारा.