प्रकल्प ‘पळवला’, ‘हातचा गेला’ की ‘वळवला’?

विचारणा: वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावला न येता गुजरातेत जाणार, हे सप्टेंबर २०२२मध्ये कळलं तेव्हा जो तो ‘प्रकल्प पळवला’ म्हणत होता. पळवणे इथे बसतं का?

प्रतिसाद: मला तरी नाही वाटत. पळवायला वस्तू आधी कुणाच्या ताब्यात हवी. पोर पळवतात, पाकीट पळवतात. तळेगावला अजून बोलणीच चालली होती. ठरत आलेलं लग्न मोडलं तर आपण ‘स्थळ हातचं गेलं’ म्हणतो. ‘पळवलं’ म्हटलं तर पोलिसांत जावं लागेल! पुढे जुलै २०२३मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतूनच बाहेर पडली, हा आणखी वेगळा भाग.

विचारणारा: मग पश्चिम बंगालमधलं सिंगूर? टाटांच्या नॅनो मोटारीचा कारखाना तर बराचसा उभा राहिला होता.

प्रतिसाद: तिथे ‘हलवला’. जमिनीच्या आंदोलनामुळे २००८मध्ये टाटांनीच सिंगूर सोडून गुजरातेतलं साणंद गाठलं. ‘पळवला’ म्हटलं की दोष दुसऱ्या राज्याच्या माथी जातो आणि कंपनी बिचारी नामानिराळी राहते. प्रत्यक्षात शहरांना झुंजवते ती कंपनीच. अ‍ॅमेझॉनने २०१७मध्ये दुसऱ्या मुख्यालयासाठी जाहीर बोली मागवल्या, तर उत्तर अमेरिकेतून २३८ प्रस्ताव आले. न्यूयॉर्क निवडलं गेलं, पण सवलतींवरून स्थानिक लोकच उठले आणि फेब्रुवारी २०१९मध्ये कंपनीने तिथून अंग काढून घेतलं. यात कुणी कुणाचं काय पळवलं?

दुसरे सदस्य: दादा, सगळीकडे कंपनीच ठरवते असं नाही. मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलात आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्र हवं होतं. ते गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत झालं, आणि २०२०मध्ये अशा केंद्रांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाचं मुख्यालयही गांधीनगरला द्यायचं ठरलं. निर्णय दिल्लीचा. इथे ‘हातचं गेलं’ फारच मवाळ होतं. ‘वळवलं’ म्हणा. पाणी वळवतात, निधी वळवतात. वळवणारा हात त्या शब्दात दिसतो.

प्रतिसाद: ‘वळवलं’ मान्य.

विचारणारा: आणि कंपन्यांना देऊ केलेल्या सवलतींना ‘आमिष’ म्हणतात, ते?

प्रतिसाद: तो शब्द फक्त शेजाऱ्यासाठी राखीव! महाराष्ट्र १९६४पासून हेच देतोय, पण कागदोपत्री ती ‘सामूहिक प्रोत्साहन योजना’. गंमत म्हणजे तिचा मूळ हेतू मुंबई-पुण्यात दाटलेले उद्योग मागास भागांकडे नेण्याचा होता. बातमीत साधं ‘सवलती’ लिहावं. टोमणाच मारायचा असेल तर ‘पायघड्या’ आहेच.