मदत हवी आहे : दुखतो गुडघा, सुया हातात आणि घोट्यात का?

प्राजक्ता_पुणे : आईचं वय 68, दोन्ही गुडघ्यांची झीज. हाडांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन इतक्यात नको, वजन उतरवा, व्यायाम करा. शेजारच्या काकूंच्या आग्रहाने ती अ‍ॅक्युपंक्चर करून आली. तिथे जीभ बघितली, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी बघितली आणि निदान काय, तर 'किडनी कमजोर'! घरात सगळे हबकलेत. क्रिएटिनिन नुकतंच तपासलंय, नॉर्मल आहे. सुया गुडघ्याभोवती होत्याच, शिवाय हातावर आणि घोट्याजवळही. हे काय गणित आहे? आई रक्त पातळ करायची गोळी घेते, तर सुया चालतात का? 'माझ्या मावशीला फरक पडला' एवढंच कृपया लिहू नका.

सुईदोरा : क्रिएटिनिनचा इथे संबंध नाही, निर्धास्त राहा. चिनी परंपरेत हाडं, वाढ आणि म्हातारपण हा सगळा कारभार किडनीकडे असतो. त्यामुळे उतारवयात गुडघे कुरकुरले की बोट तिच्याकडेच जातं. 'ची' ही प्राणशक्ती 12 मुख्य मार्गांनी अंगभर फिरते, ती अडली की दुखतं, अशी मूळ कल्पना. मार्ग लांबलचक, म्हणून सुई दुखऱ्या जागेपासून दूरही टोचतात. अंगठा आणि तर्जनीच्या मधला 'हेगू' बिंदू वेदनेसाठी सर्रास वापरतात (गरोदरपणी टाळतात). अंतर मोजायचं ते रुग्णाच्याच बोटांनी : 'झूसानली' हा बिंदू गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर. सुईभोवती जडपणा किंवा बधिरपणा आला तर ते अपेक्षितच असतं. घोट्याची सुई आतल्या बाजूला होती का?

जाता जाता, 1938 साली आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांबरोबर चीनला गेलेल्या पथकातल्या डॉ. बिजय बसूंनी ही विद्या पुढे भारतात आणली.

खडूस_काका : कल्पना सुरेख, पण हे मार्ग शवविच्छेदनात कुणाला दिसलेले नाहीत. जर्मनीत गुडघेदुखीवर मोठी चाचणी झाली, निष्कर्ष 2006 साली आले. परंपरेतल्या बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी 53 टक्क्यांना बरं वाटलं आणि मुद्दाम भलत्याच जागी टोचलेल्यांपैकी 51 टक्क्यांना! नुसती औषधं आणि फिजिओथेरपी घेणाऱ्यांत 29 टक्के. म्हणजे टोचून घेण्याने काहीतरी होतं, पण जागेचं फारसं महत्त्व दिसत नाही. ब्रिटनच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत तर सांधेझिजेसाठी अ‍ॅक्युपंक्चर देऊ नका असंच म्हटलंय. करायचंच असेल तर व्यायाम सोडू नका. सुया सीलबंद आणि एकदाच वापरायच्या हव्यात. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरचा 2015 चा कायदा आहे, तेव्हा नोंदणी क्रमांक बेधडक विचारा. गोळी कुठली?

प्राजक्ता_पुणे : वॉरफॅरिन. सुई घोट्याच्या आतल्याच बाजूला होती.

सुईदोरा : मग तो 'ताइशी', किडनीच्या मार्गावरचाच बिंदू.

खडूस_काका : वॉरफॅरिन असेल तर पुढच्या बैठकीआधी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो, ती तपासणी) बघून घ्या आणि गोळी देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. सुयांसाठी गोळी परस्पर बंद करू नका. टोचणाऱ्यांनाही गोळीचं सांगितलंय ना?

प्राजक्ता_पुणे : नाही, त्यांनी विचारलंच नव्हतं. आजच फोन करते.