मदत हवी आहे: छोट्या दुर्बिणीच्या आरशावर धूळ बसली आहे, पुसावी का? (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

लेक आठवीत आहे. तिच्या हट्टापायी दिरांनी पुण्याहून दुर्बीण आणून दिली. आरशाची, ७६ मिमी व्यासाची, फोकल लेंथ (आरशापासून प्रतिमा जिथे जुळते तिथपर्यंतचं अंतर) ७०० मिमी. सोबत २० आणि ४ मिमीचे आयपीस (डोळा लावायची भिंगं), ३ पटीचं बार्लो (आयपीसच्या आधी लावून प्रतिमा तिप्पट करणारं भिंग) आणि एक काळा 'सन फिल्टर'. खोक्यावर '५२५ पट' असं ठळक छापलंय.

२० मिमीवर चंद्र झकास दिसतो, विवरांच्या कडा कोरल्यासारख्या. पण गुरूवर ४ मिमी लावला की नुसता थरथरणारा गोळा, पट्टे वगैरे काही नाही. बार्लो लावलं तर तोही धड सापडत नाही. फोकसचं चाक फिरवायला गेलं की गुरू बाहेर.

आमचं घर अशोक चौकाच्या बाजूला, आसपास लूम (यंत्रमाग). काल टॉर्च मारून नळीत पाहिलं तर आरशावर धुळीचा थर आणि दोन-तीन सुताचे तंतू चिकटलेले. सासूबाई म्हणतात, जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्याने हलक्या हाताने पुसून घे. मन धजत नाही. पुसू का? आणि उन्हाळ्यात हे प्रकरण ठेवायचं कुठे? सध्या माळ्यावर, पत्र्याखाली आहे.

प्रतिसाद:
ताई, फडकं आधी लांब ठेवा! घरातल्या आरशाला चकचकीत थर मागून असतो आणि पुढे काच. इथे ॲल्युमिनियमचा थर पुढेच असतो, तोही केसापेक्षा कितीतरी पातळ. आपल्याकडच्या धुळीत बारीक वाळूचे कण असतात, एकदा फडकं फिरवलं की ओरखडे कायमचे. रबरी ब्लोअरने (कॅमेरावाल्यांकडे मिळतो) हवा मारा, तंतू उडतील. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे डाग पडतात. उरलेली धूळ राहू द्या. टॉर्चच्या उजेडात चांगला आरसासुद्धा भयाण दिसतो. अगदीच मेणचट डाग पडले तरच धुण्याचा विचार.

धागाकर्ती:
मग गुरू का थरथरतो?

प्रतिसाद:
बघता कुठून? गच्चीवरून?

धागाकर्ती:
हो. जेवणं झाली की साडेनऊच्या सुमाराला. गुरू तेव्हा पश्चिमेला उतरलेला असतो, शेजारच्या शेडच्या पत्र्यांवर.

प्रतिसाद:
सापडला की ओ चोर! एप्रिलमधला सोलापूरचा स्लॅब दिवसभर चाळीस अंशात भाजून निघतो, रात्री दहालाही अनवाणी उभं राहवत नाही. ती धग वर चढत असते, तिच्यातूनच तुम्ही बघताय, वर पलीकडे पत्रे. जितकं मॅग्निफिकेशन जास्त तितकी ही थरथर मोठी दिसणार. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारलं तर फरक पडतो, पण नळाला दिवसाआड नव्हे, चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात हे सांगायला माझीच जीभ रेटत नाही. त्यापेक्षा खाली मोकळ्या मातीच्या जागेत मांडा आणि ग्रह वर असतानाच बघा. पत्र्याखालची दुर्बीण स्वतःच तापलेली असते, नळीतली हवासुद्धा हलते. बघायच्या आधी पाऊण तास बाहेर काढून ठेवा.

खात्री करायची तर एक ठळक तारा घ्या आणि फोकस मुद्दाम थोडा बिघडवा. वर्तुळं उकळल्यासारखी हलली तर दोष हवेचा. स्थिर आहेत पण मधला काळा ठिपका एका बाजूला सरकलाय, तर आरसा तिरका. धुळीचा यात काही संबंध नाही.

प्रतिसाद:
वरच्यांशी सहमत, पण निम्मा दोष खोक्यावरच्या आकड्याचाही आहे. फोकल लेंथला आयपीसने भागायचं: ७०० भागिले २० म्हणजे ३५ पट, ४ मिमीवर १७५. आरशाच्या प्रत्येक मिमीला फार तर २ पट, म्हणजे तुमच्या दुर्बिणीची हद्द साधारण १५०. १७५ आधीच हद्दीबाहेर, ५२५ ही निव्वळ जाहिरात. १० मिमीचा बरा प्लॉसल (आयपीसचा एक प्रकार) घ्या, ७० पट मिळेल. त्यावर गुरूचे दोन पट्टे आणि चार चंद्र दिसायला हवेत. घेण्याआधी आयपीस बसतो त्या नळीचा आतला व्यास मोजा; ३१.७ मिमी हवा, काही स्वस्त दुर्बिणींत २४.५ असतो.

प्रतिसाद:
महत्त्वाचं राहिलं! तो काळा सन फिल्टर आजच फोडून टाका. आयपीसला लावायचा असतो ना? आरशाने एकवटलेलं सगळं ऊन तिथे पडतं, काच तडकते आणि पोरीचा डोळा जातो. सूर्य बघायचाच असेल तर नळीच्या तोंडावर बसणारा खास सोलर फिल्टरच, आणि तेव्हा फाइंडरवरही (नळीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण) झाकण.

धागाकर्ती:
बाप रे. फोडला आत्ताच. फाइंडर पण जुळत नाहीये, तो कसा जुळवायचा?

प्रतिसाद:
दिवसा, लांबच्या मोबाइल टॉवरवर. सूर्याच्या दिशेला नको. आधी टॉवरचं टोक २० मिमीत मधोमध आणा, मग फाइंडरचे तीन स्क्रू फिरवून त्याची फुली तिथेच आणा. पूर्वी आम्ही कारखान्याच्या चिमणीवर जुळवायचो. २०२३ च्या जूनमध्ये ती पाडली, आता टॉवरच. उलटं दिसेल, घाबरू नका, आरशाच्या दुर्बिणीत तसंच दिसतं.

ठेवायचं म्हणाल तर माळ्यावरून खाली काढा. खालच्या खोलीतलं कपाट बरं. दोन्ही तोंडांना झाकण आणि वरून गाठ मारलेली सुती पिशवी, म्हणजे लूमचे तंतू आत जाणार नाहीत. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. दव पडलेलं असेल तर आधी वाळू द्या, ओल्यावर झाकण लावलं की बुरशी.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं, लुगडं वाचलं म्हणाल्या. शेवटचं विचारते, ते बार्लो कुणाला देऊन टाकू का?

प्रतिसाद:
कोण घेणार ओ! पण टाकू नका. २० मिमीला लावून बघा, १०५ पट होतं, चंद्राला चालून जातं. ४ मिमीला मात्र पुन्हा लावू नका.