मदत हवी आहे: परिमेय संख्या इतक्या दाट, मग मध्ये फट कशी राहते?

नमस्कार मंडळी, मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं, त्यामुळे वास्तव संख्यांचा हा भाग मराठीत समजून घ्यायचा आहे.

√२ अपरिमेय का, म्हणजे पूर्णांकांच्या p/q या रूपात का लिहिता येत नाही, ते कळलंय: √२ = p/q हा अतिसंक्षिप्त अपूर्णांक धरला की p² = २q² येतं, त्यातून p आणि q दोन्ही सम निघतात आणि विसंगती येते. फार सुंदर सिद्धता आहे ती! अडतंय पुढे. कोणत्याही दोन परिमेय संख्यांच्या मध्ये त्यांची सरासरी असतेच, म्हणजे जागा कुठेच रिकामी दिसत नाही. तरी ज्या धन परिमेय संख्यांचा वर्ग २ पेक्षा कमी आहे, त्यांच्यात सर्वांत मोठी अशी कोणतीच नाही.

सरांनी त्यासाठी x च्या जागी (२x+२)/(x+२) घ्यायला सांगितलं. ७/५ घालून पाहिलं तर २४/१७ आलं. ते मोठं आहे आणि वर्ग ५७६/२८९, म्हणजे २ पेक्षा कमीच. पडताळा जमतो, पण हे सूत्र मुळात सुचतं कसं?

शिवाय जर्मन गणिती डेडेकिंड यांनी १८७२ मध्ये मांडलेला छेद (Dedekind cut; अपूर्णांकातला छेद नव्हे, तर सगळ्या परिमेय संख्यांची लहान आणि मोठ्या अशा दोन गटांत केलेली विभागणी) म्हणजे ही फटच संख्या मानणं, असं समजलं तर चालेल का? कोणी सविस्तर समजावून सांगाल का?