भीमेचं वळण पुढे कुठे सरकेल?

भीमाकाठ: दौंडजवळ भीमेच्या वळणावर आमचं शेत आहे. बाहेरचा काठ दर पावसाळ्यात ढासळतो; आजोबांनी लावलेला आंबा गेल्या वर्षी वाहून गेला. मी पुण्यात कॉम्प्युटर शिकतोय. नदीची पुढची वाट गणिताने काढता येईल का?

नदीवेडी: येते. इकेडा, पार्कर आणि सावाई या संशोधकांनी १९८१ मध्ये मांडलेलं सूत्र बघ. काठालगतचा वेग सरासरीपेक्षा जितका जास्त, तितकी झीज जास्त. त्याला मातीचा गुणांक, म्हणजे माती किती सहज झिजते तो आकडा, लावायचा. नदीच्या मध्यरेषेवर बिंदू पाड आणि प्रत्येक बिंदू दरवर्षी तेवढा सरकव. वेगाचा जोर मात्र वळणाच्या टोकाच्या थोडा पुढे, प्रवाहाच्या खालच्या बाजूला असतो, म्हणून वळण रुंदावतं आणि प्रवाहाच्या दिशेनेही सरकतं.

काळा पाषाण: गुणांक सगळीकडे एकच धरू नकोस. आपल्याकडे मातीखाली बेसॉल्टचा कठीण काळा खडक आहे. तो उघडा पडला की काठ जवळजवळ थांबतो. लँडसॅट उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका ३० मीटरचा, त्यात वर्षाचा एखादा मीटर दिसणार नाही. काठापासून मागे खुंट्या ठोक, पावसाळ्याआधी आणि नंतर खुंटीपासून काठापर्यंतचं अंतर टेपने मोज.

भीमाकाठ: रविवारी गावी जातोय. बाबांना खुंट्या तासून ठेवायला सांगितलंय.